सत्ताविसावा खांब

धुळ्याच्या जुन्या मिलमध्ये उखा नाना आत आहेत की बाहेर गेलेत, असं कुणी विचारत नसे. वर आहेत का, एवढंच विचारत. आणि बहुतेक वेळा ते वरच असत. पश्चिमेच्या भिंतीला एक लोखंडी शिडी होती. तिच्या पायथ्याशी टायरच्या चपला काढून ठेवलेल्या दिसल्या की समजायचं, नाना छपरावर आहेत आणि निरोप असेल तर थांबावं लागेल.

मी मूळचा पाचोऱ्याचा. एका सरकारी खात्यात कारकून म्हणून लागलो आणि दुसऱ्याच वर्षी माझी बदली धुळ्याच्या धान्य गोदामावर झाली. गोदाम म्हणजे ही बंद पडलेली कापडाची मिल. यंत्रं भंगारात निघाली होती, कामगार सुरतेच्या मागांवर निघून गेले होते आणि जिथे कापड विणायचे साचे धडधडत होते तिथे गव्हाची पोती रचलेली होती. इमारतीबरोबर खात्याच्या ताब्यात जुन्या विजेच्या पेट्या आल्या, एक बंद पडलेलं घड्याळ आलं आणि उखा नाना आले. मिल चालू असताना छपराची निगा राखायला चार माणसं होती. नाना त्यांतले सर्वांत धाकटे. बाकीच्यांपैकी दोघे सुरतेला गेले, एक वारला. तुम्ही इथेच का राहिलात, असं मी एकदा विचारलं, तर माझ्या अज्ञानाची कीव करत ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "मशीनी गयात, माणसं गयात. छप्पर तं आठेच शे ना."

त्या छपराबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर नाना समजायचे नाहीत. करवतीला दाते असतात तसं ते छप्पर होतं. प्रत्येक दात्याच्या एका अंगाला पत्रे, दुसऱ्या अंगाला उत्तरेकडे तोंड केलेल्या काचा आणि दोन दात्यांच्या मध्ये लांबच लांब पन्हळ. पन्हळीतलं पाणी खाली कसं यायचं, तर खांबांतून. आतले बिडाचे खांब पोकळ होते. डोक्यावर छपराचा भार आणि पोटात पावसाचं पाणी, असं दुहेरी काम ते करत. पाणी खांबातून उतरून जमिनीखालच्या गटारात जाई. प्रत्येक खांबाच्या पायाशी हात आत जाईल एवढं भोक आणि त्यावर लोखंडी झाकण. दरसाल पावसाळ्याआधी झाकण काढून सळईने आतला गाळ उपसायचा. खांबांवर नंबर होते, ते रंगाखाली केव्हाच बुजले होते, पण नानांना तोंडपाठ होते. खांबाला कान लावून ते आतून पाणी कसं उतरतंय ते ऐकत आणि कोणता खांब तुंबलाय ते सांगत. माझी त्यांची पहिली भेट झाली तेव्हा ते असेच एका खांबाला मिठी मारून उभे होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. तेव्हा त्यांची पन्नाशीही उलटली नव्हती. उन्हाने त्यांना आधीच म्हातारं करून ठेवलं होतं.

"भाऊ," खांब न सोडता ते म्हणाले, "चौदा नंबरजोडेना पोता सरकाई ल्या. भादवामा आठे पाणी येई."

मी नवा होतो, मला ते पटलं. गोदामपाल जुने होते, त्यांना पटलं नाही. पोती हलवायची तर लेखी आदेश हवा, आदेशासाठी कारण हवं, आणि 'उखा म्हणतो' हे कारण रकान्यात बसत नव्हतं. भाद्रपदात चौदा नंबरच्या पायथ्याशी पाणी आलं. आठवड्याने खालच्या थरातल्या पोत्यांतून हिरवेगार कोंब बाहेर आले, इतके देखणे की हमाल ते बघायला येऊ लागले. मग चौकशी लागली. चौकशीत गोदामपालांना एकच प्रश्न विचारला गेला, मलाही एकच, आणि नानांना सात. त्यांतला मुख्य असा, की पाणी शिरणार हे तुम्हाला अगोदर कसं कळलं? नानांनी सांगितलं, खांबाने सांगितलं. हे उत्तर जबाबात लिहायचं कसं, यावर चौकशी अधिकारी बराच वेळ अडून बसले. शेवटी 'समाधानकारक खुलासा देऊ शकले नाहीत' असं लिहून त्यांनी नानांना ताकीद दिली. पुढच्या वर्षी पोती हलवली. त्या वर्षी तिथे पाणी आलं नाही, कारण नानांनी उन्हाळ्यातच चौदा नंबर साफ केला होता. तेव्हा विनाकारण पोती हलवायला लावल्याबद्दल त्यांना दुसरी ताकीद मिळाली.

ते शांतपणे म्हणत, "पाणीले वाट द्या, नही तं ते आपली वाट लावी." ताकिदीचे दोन्ही कागद त्यांनी घडी करून एका फुटक्या काचेच्या फटीत खोचले. थेंब यायचा थांबला.

उखा हे नाव त्यांना त्यांच्या आईने देवाला फसवण्यासाठी दिलं होतं. आधीची मुलं जगली नाहीत, म्हणून हे मूल उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव उखा ठेवलं, म्हणजे वर कुणाला वाटावं की हा कचरा आहे, नेण्यासारखा नाही. एवढ्या खबरदारीने वाढवलेला मुलगा पुढे मिलमध्ये युनियनच्या वर्गांना बसला आणि पक्का नास्तिक होऊन बाहेर पडला. दसऱ्याला खात्याखात्यात हत्यारांची पूजा होई, तेव्हा नाना शिडीवर बसून शेंगा खात. त्यांच्या पत्नी सुमन अक्का उलट तितक्याच भाविक. देवीच्या यात्रेला नाना त्यांना पायऱ्यांपर्यंत सोडत आणि बाहेर थांबत. भांडण नव्हतं. "मी देवले तरास देत नही, त्यानी माले देवू नही," असा त्यांचा करार होता. हात जोडणं त्यांना जमतच नसे. साहेब आला तरी ते एक हात कपाळाशी नेत, दुसऱ्यात सळई असे.

पुढे खात्याने नवं गोदाम बांधलं आणि मिल रिकामी झाली. मी कचेरीत आलो, नाना इमारतीतच राहिले. काही वर्षं तिथे सेल लागत. कापडाच्या मिलमध्ये लांबलांबचे व्यापारी कापड विकायला येत आणि धुळेकर ते स्वस्त म्हणून घेत. मीही एकदा टॉवेल घेतले. तिथे नाना भेटले, तर 'चादरी पलीकडच्या विभागात' असं न म्हणता "ते कार्डिंगमा शे" असं सांगून गिऱ्हाइकांना बुचकळ्यात टाकत होते. इमारतीत काहीही चालो, ब्लो-रूम, कार्डिंग, साचाखातं ही मिलमधल्या विभागांची नावं त्यांनी बदलली नाहीत. त्यांच्या स्वतःच्या हुद्द्याचं नाव मात्र प्रत्येक मालकाने बदललं. मिलमध्ये ते छपरावाले होते, आमच्याकडे हमाल, सेलवाल्यांकडे चौकीदार. काम तेच.

त्यानंतर ती जागा गुलाबशेठनी घेतली. माणूस हसतमुख, हौशी. त्यांनी साचाखात्यात मंगल कार्यालय काढलं. भिंतींना गुलाबी रंग, वर पंख्यांच्या रांगा, एका टोकाला स्टेज. नानांना खाकी सदरा आणि 'व्यवस्थापन' असं लिहिलेला बिल्ला मिळाला. सगळं झकास जमलं, एक गोष्ट सोडून. सत्तावीस नंबरचा खांब स्टेजच्या बरोबर समोर येत होता. फोटोवाला कुठेही उभा राहिला तरी नवरा एका बाजूला, नवरी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये खांब. लोक तक्रार करू लागले. एका वरबापाने तर व्हिडिओत त्याचे व्याही दिसतच नाहीत म्हणून वाद घातला. गुलाबशेठनी खांब काढायचं ठरवलं. त्यांच्या ओळखीच्या एका ठेकेदाराने, वर एक तुळई टाकली की झालं, असं सांगितलं.

नाना माझ्याकडे कचेरीत आले ते हातात टोपी धरून. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं. सत्ताविसावर दोन मोठ्या तुळयांचा सांधा होता आणि दोन पन्हळींचं पाणी त्यात उतरत होतं. तो काढला तर छप्पर एखाद्या दिवशी बसणार, आणि तो दिवस लग्नाचा असणार, कारण बाकीच्या दिवशी तिथे कुणी नसतंच. "भाऊ, खाले पाचशे माणसं जेवतीन," ते म्हणाले.

मी अर्ज लिहून दिला. गुलाबशेठनी तो वाचला, नानांना चहा पाजला आणि म्हणाले, नाना, तुमचं वय झालं. दुसरा अर्ज आम्ही एका सरकारी कार्यालयात दिला. तिथे तो 'प्राप्त' झाला. तिसरा अर्ज, दुसऱ्या अर्जाचं काय झालं हे विचारणारा होता. त्याचं उत्तर आलं की आपल्या दुसऱ्या अर्जावर कार्यवाही सुरू आहे. तोवर ठेकेदाराचा निरोप आला होता. सोमवारी सकाळी कापणारी माणसं येणार.

रविवारी दुपारी मी नानांच्या घरी गेलो. अक्का म्हणाल्या, आताच मंगल कार्यालयावर गेले, आणि माझा शेंदराचा डबा कुठे दिसत नाही, तुम्ही पाहिलात का? मला काही कळलं नाही. मी कार्यालयावर गेलो, तर नाना बाहेरच्या नळावर हात धूत होते. मातीने घासत होते, तरी बोटं शेंदरीच होती. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "देवले चार डोया नही काढतस ना? दोनच पुरतस?" डोळे किती काढायचे याची त्यांना खरंच माहिती नव्हती. पन्नास वर्षं ते बाहेरच थांबत आले होते.

सोमवारी सकाळी खांबाला कमरेइतका शेंदूर, दोन डोळे आणि झेंडूची एक माळ. कापणाऱ्यांचा मुकादम मालेगावचा होता. त्याने यंत्र खाली ठेवलं. "शेठ, दुसऱ्याच्या देवाला हत्यार लावायचं नाही, असं माझ्या वडिलांनी सांगितलंय," तो म्हणाला आणि गाडी फिरवून निघून गेला. ठेकेदार म्हणाला, हे कुणीतरी मुद्दाम केलंय. तेवढ्यात गुलाबशेठच्या मातोश्री आल्या. त्यांनी चपला काढल्या, पदर सावरला आणि वाकून नमस्कार केला. पुढे प्रश्नच उरला नाही. तीन अर्जांनी जे झालं नाही ते डबाभर शेंदराने झालं. नाना कोपऱ्यात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते छपराकडे पाहत होते.

एखादा माणूस या विजयावर खूश झाला असता. नाना झाले नाहीत. पुष्कळ दिवस ते चोरी केल्यासारखे वागत. अक्कांना डबा कुठे गेला ते कळलं होतं आणि तरी त्या दर शनिवारी खांबाला तेल घालायला जाऊ लागल्या. नानांनी त्यांना समजावलं की तो देव नाही, तिथे मीच रंग लावलाय. अक्का म्हणाल्या, "तुम्ही रंग लाया. देव मांगतून उना." देव रंगामागून येतो, हा मुद्दा युनियनच्या वर्गात झालेला नव्हता.

खांबदेवाची कीर्ती वाढली. स्टेजवर चढण्याआधी नवरा-नवरी तिथे माथा टेकू लागले, त्यामुळे फोटोत खांब आला तरी कुणी तक्रार करेना. उलट खांब नसला तर करत. पावसाळ्यात एका वऱ्हाडातल्या बाईंनी खांबाला कान लावला आणि त्यांना आतून घुमल्यासारखा आवाज आला. देव बोलतो, अशी बातमी एरंडोलपर्यंत गेली. लोक रांगेने कान लावू लागले आणि ज्याला जे हवं ते त्यात ऐकू येऊ लागलं. नानाही कान लावत. भक्तांना ते मोठे भक्त वाटत. त्यांना मात्र एवढंच ऐकू येत होतं की खांब तुंबत चाललाय, कारण अक्षता आणि हारांची फुलं पाखरं आणि वारा उघड्या काचांतून वर नेऊन पन्हळीत टाकत होते.

मग साथीच्या काळात लग्नं बंद पडली. कार्यालय दोन वर्षं कुलूपबंद होतं. नाना तेवढे रोज जात आणि शिडी चढत. साथ ओसरल्यावर गुलाबशेठनी इमारतीचा शॉपिंग मॉल केला. कार्डिंगमध्ये बुटांची दुकानं, ब्लो-रूममध्ये पिझ्झा, आणि मधोमध 'श्री स्वयंभू खांबेश्वर देवस्थान'. ट्रस्ट झाला. खांबाच्या पायाला छातीपर्यंत संगमरवर बसवला आणि त्यात ते झाकण बुजलं.

आता सळई चालवायची कुठून? नाना ट्रस्टच्या लोकांकडे गेले. ते म्हणाले, संगमरवर फोडणं म्हणजे देवाच्या अंगाला हात लावणं. शिवाय गाभाऱ्यात सोवळ्याशिवाय जाता येत नाही. नाना म्हणाले, मी आंघोळ करून येतो. ट्रस्टवाल्यांनी विचारलं, आणि सळई? आत पाणी साचलं तर बीड गंजेल, वरून पाणी उलटून मॉलमध्ये येईल, खांब फुटला तर सगळंच खाली येईल, हे नानांनी दोनदा समजावलं. तुमची देवावर श्रद्धा नाही, असा ट्रस्टवाल्यांनी निष्कर्ष काढला. तो अगदी बरोबर होता.

तेव्हा नानांनी ठरवलं की खरं सांगून टाकायचं. ट्रस्टच्या बैठकीला त्यांनी मला साक्षीदार म्हणून नेलं. सातआठ प्रतिष्ठित माणसं होती, मधोमध गुलाबशेठ. पंच्याहत्तरी ओलांडलेले नाना उभे राहिले. त्यांनी टोपी काढली.

"हाऊ देव मी करेल शे," ते म्हणाले. "शेंदूर मना घरना शे. खांब वाचाले करं. बठ्ठास्ना जीवसाठे करं. आते ते झाकण उघडू द्या."

मग एका वयस्कर विश्वस्तांनी मला विचारलं, सगळ्यांच्या जिवासाठी नानांनीच शेंदूर लावला, हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं का? मी आयुष्यभर कारकुनी केलेली. पाहिलं नाही ते पाहिलं म्हणणं माझ्या हातून झालं नाही. मी म्हणालो, शेंदूर लावताना पाहिलं नाही. नळावर हात धुताना पाहिलं, बोटं शेंदरी होती. त्याबरोबर गुलाबशेठच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उठले आणि त्यांनी नानांचे पाय धरले. म्हणजे पहिली पूजा नानांच्या हातून झाली, असं ते सगळ्यांना सांगू लागले. वयस्कर विश्वस्त म्हणाले, "नाना, तुम्हाला वाटतं तुम्ही केलं. करवून घेणारा तो." लगेच शाल आली, नारळ आला. नाना मला शोधत होते. मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. शेंदूर लावतानाच पाहिलं म्हणालो असतो तरी काही फरक पडला नसता, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

झाकण उघडलं नाहीच.

पुढच्या आठवड्यात नाना भर उन्हात छपरावर गेले ते अर्धी गोणी सिमेंट घेऊन, चार खेपांत. सत्ताविसाव्या खांबाचं वरचं तोंड त्यांनी बुजवून टाकलं आणि पन्हळीत दोन्ही बाजूंना उतार काढून तिथलं पाणी सव्वीस आणि अठ्ठावीसकडे वळवलं. त्या दोघांना कुणी देव केलं नव्हतं, त्यामुळे त्यांची झाकणं उघडता येत होती. छप्पर वाचलं. त्या पावसाळ्यात खांबेश्वर बोलला नाही.

मला वाटलं, आता लोक पांगतील. नानांनाही तीच आशा असावी. पण देवाने मौन धारण केलं आहे, असं जाहीर झालं. कुणाच्या पापामुळे, यावर शहरात चर्चा झाली, मौनव्रताचा सप्ताह बसला आणि गर्दी पहिल्याहून दुप्पट झाली. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असलेल्या मुलाने नानांना आपल्याकडे न्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. तिथल्या कारखान्यांची छपरं सपाट आहेत, असं सांगून त्यांनी ते टाळलं.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. घरी, झोपेत. ट्रस्टने गाभाऱ्याबाहेर त्यांचा मोठा फोटो लावला आहे, खाली 'आद्य भक्त' असं लिहिलंय. फोटो ओळखपत्रावरचा आहे, पण स्टुडिओवाल्याने त्याला खाली धड जोडलं आहे आणि त्या धडाचे हात जोडलेले आहेत. अक्कांना मी विचारलं, हे तुम्हाला चालतं का? त्या म्हणाल्या, हात त्यांचे नाहीतच, मनगटं केवढी जाड आहेत बघा.

मी नानांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या श्रावणात. मॉलसमोर डोळ्यांचा दवाखाना आहे. तिसऱ्या मजल्यावर माझा नंबर यायचा होता, म्हणून मी खिडकीशी उभा होतो. पाऊस थांबून उघडीप झाली होती. समोर ते करवतीचं छप्पर ओलं, चमकत होतं. नाना पन्हळीतून अनवाणी चालत होते, एक हात पत्र्याला टेकवत. सव्वीस नंबरच्या तोंडाशी ते थांबले, पोटावर आडवे झाले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. काढला तेव्हा हातात फुलांचा, सुतळीचा, चुरगळलेल्या पिशव्यांचा लगदा होता. तो बाजूला टाकला, पुन्हा हात घातला. खाली आरती सुरू झाली होती. तिचा आवाज रस्ता ओलांडून माझ्यापर्यंत येत होता. काचांमधून आतली माणसं अंधूक दिसत होती, सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी. त्यांच्या डोक्यावर वीसेक फुटांवर हा म्हातारा पालथा पडलेला होता आणि आत काहीतरी अडकलं होतं ते सोडवत होता.

शेजारचा पेशंट म्हणाला, कोण आहे हो तो, पडेल ना, हाक मारा त्याला. मी नको म्हणालो. छपरावरच्या माणसाला खालून हाक मारायची नसते. तो वळून बघतो, आणि पाय तेव्हाच चुकतो.